वाहनाचा डोल आणि वाहनाचा तोल

वाहनांचा इतिहास बहुधा वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. बैलगाडी दिवसाकाठी किती कोस चालत असे, टपालाच्या घोडागाडीने किती वेळ वाचवला, आगगाडीने व मोटारीने अंतरे कशी जवळ आणली, हे सारे शाळेपासून कानावर पडत असते. परंतु वेग वाढला म्हणजे त्याच्या जोडीने तोल जाण्याचा धोकाही वाढतो. धावते वाहन वळणावर कलते, खड्ड्यात डोलते आणि प्रसंगी उलटते. हा डोल आवरण्यासाठी माणसाने जी दीर्घ खटपट केली तिची कथा फारशी ऐकिवात नाही. आज लाखो कुटुंबे ज्या स्थैर्याच्या भरवशावर घाट उतरतात, ते स्थैर्य त्याच खटपटीचे फळ असल्यामुळे ही कथा जाणून घेणे हिताचे आहे.

ही कथा पाहावयास बेंगळुरू शहरातील मल्लेश्वरम हा भाग सोयीचा आहे. महाराष्ट्राशी त्याचा संबंध जुना. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बेंगळुरू जिंकले आणि पुढे ही जहागीर शहाजीराजांकडे आली. त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे, ज्यांना एकोजी असेही म्हणतात, त्यांचा १६६९ सालचा शिलालेख मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर मंदिराशी निगडित आहे. कानडीत ‘काडू’ म्हणजे रान. त्या वेळी हा सारा मुलूख रानाचाच होता. खुद्द शहाजीराजांचा अंत १६६४ मध्ये होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून झाला. वाहन म्हणजे घोडा होता तेव्हा तोल सांभाळण्याचे काम स्वाराच्या पक्क्या मांडीवर आणि घोड्याच्या पायांवर सोपवलेले असे, आणि कसलेल्या स्वारालाही ते नेहमी साधतेच असे नाही. यंत्रयुगात तेच काम पोलादाकडे आणि रबराकडे आले.

मल्लेश्वरमची आजची वस्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात आखली गेली आणि १८९८ च्या प्लेगनंतर झपाट्याने वाढली. काटकोनात छेदणारे रस्ते, त्यांना क्रमांकाने दिलेली ‘क्रॉस’ ही नावे, घरांच्या मागून जाणाऱ्या अरुंद बोळी, अशी ही मांडणी पादचाऱ्यांच्या आणि ‘जटका’ नावाच्या घोडागाडीच्या काळातील आहे. त्याच घरांच्या फाटकांत आज उंच, रुंद आणि वजनदार अशा एस. यू. व्ही. जातीच्या मोटारी उभ्या दिसतात. त्यांचा मालक हौशी असला म्हणजे सुटीच्या दिवशी हत्यारे काढून, गाडीखालचा स्टॅबिलायझर बार आणि त्याचे रबरी बुश बदलून अधिक दणकट बसवावेत, असा विचार त्याच्या मनात येतो. गाडी वळणावर कमी कलावी एवढीच त्याची इच्छा असते. ही इच्छा पुरी होते की नाही, आणि पुरी होताना तिची किंमत कोठे मोजावी लागते, या प्रश्नाचे उत्तर त्या दांड्याच्या इतिहासातच आहे.

बैलगाडीला स्प्रिंग नसते. तिची साटी सरळ कण्यावर बसलेली असते, म्हणून रस्त्याचा प्रत्येक धक्का आत बसलेल्या माणसाच्या पाठीपर्यंत पोहोचतो. परंतु वळणावर तिचा डोलारा चाकांपासून वेगळा होऊन कलत नाही. चाकाच्या तुंब्यात बसवलेली लोखंडी नळी आणि तिला घातलेले वंगण हाच आजच्या बुशाचा पूर्वज होय. दोन कठीण वस्तू एकमेकींवर फिरावयाच्या असतील तर त्यांच्यामध्ये झीज सोसणारे तिसरे काहीतरी हवे, हे गाडीवानाला यंत्रशास्त्राच्या पुस्तकावाचून ठाऊक होते. वंगण घालण्याची हयगय झाली की चाक कुरकुरून मालकाला आठवण देई.

युरोपात धक्क्याचा उपाय प्रथम शोधला गेला. तेथील घोडागाड्यांच्या पेट्या कातड्याच्या जाड पट्ट्यांवर टांगल्या जाऊ लागल्या. पुढे पोलादी पट्ट्यांचे थर एकावर एक रचून केलेले पाटे आले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या ओबाडाया इलियट याने लंबवर्तुळाकार पाट्यांची रचना प्रचारात आणली, आणि गाडी हलकी व सुखकर झाली. परंतु गादी मऊ केली म्हणजे तिच्यावर बसणारा डोलणारच. पाटा जितका लवचिक, तितका धक्का कमी आणि तितकाच वळणावरचा कल अधिक. सुख आणि स्थैर्य यांचा हा तंटा त्या दिवशी सुरू झाला. तो आजही मिटलेला नाही.

या तंट्यात मध्यस्थ म्हणून पुढे आलेला पदार्थ म्हणजे रबर. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते व थंडीत तडकते. १८३९ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर याला गंधक मिसळून उष्णता दिल्यास रबर टिकाऊ होते असे आढळले. १८४४ मध्ये त्याने त्याचे पेटंट घेतले. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप याने हवेने भरलेली धाव प्रचारात आणली. भारतातही केरळात तट्टेकाड येथे १९०२ मध्ये रबराची व्यापारी लागवड सुरू झाली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पादात धातूच्या सांध्यांमध्ये रबर बसवण्याची पद्धत मोटारींत रूढ झाली आणि वंगण मागणारे कित्येक सांधे मुके झाले. रबराचा बुश स्वतः किंचित पिळतो, दबतो, आणि पोलादाचा आवाज व थरथर गिळून टाकतो. गाडीखाली त्याच्याइतका स्वस्त आणि त्याच्याइतका दुर्लक्षित सेवक दुसरा नाही.

डोल आवरणारा दांडा याच काळातला. २२ एप्रिल १९१९ रोजी कॅनडातील न्यू ब्रन्स्विक प्रांतातल्या फ्रेडरिक्टन येथील स्टीफन कोलमन यांना त्याचे पेटंट मिळाले. कल्पना अत्यंत साधी होती. इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचा पोलादी दांडा गाडीच्या रुंदीभर आडवा ठेवावयाचा, मधला भाग बुशांच्या आधाराने गाडीच्या सांगाड्याला धरावयाचा, आणि दोन टोके उजव्या व डाव्या चाकाच्या आधाराला जोडावयाची. दोन्ही चाके एकदम वर गेली तर दांडा नुसता फिरतो, विरोध करीत नाही. गाडी कलली म्हणजे एक चाक सांगाड्याकडे जाते, दुसरे दूर जाते. मग दांड्याला पीळ पडतो आणि पीळ सुटण्याच्या धडपडीत तो गाडीला पुन्हा सरळ करू पाहतो. वजनाने थोडा, किमतीने बेताचा, आणि पाटे मऊ ठेवूनही कल कमी करणारा असा हा उपाय होता.

तथापि त्याचे खरे दिवस १९३० नंतर आले. तोवर पुढची दोन चाके बहुधा एकाच आडव्या कण्याला जखडलेली असत. इटलीच्या लान्चिया कंपनीने १९२२ मध्ये आपल्या ‘लाम्बडा’ गाडीत पुढची चाके स्वतंत्र केली. इंग्लंडच्या रोल्स-रॉइसमधून अमेरिकेच्या जनरल मोटर्समध्ये गेलेले मॉरिस ओले यांनी एका प्रयोगगाडीवर वजने पुढेमागे सरकवून प्रवाशाला कोणती चाल सुखाची वाटते याचा पद्धतशीर अभ्यास केला, आणि १९३४ च्या सुमारास अमेरिकेत स्वतंत्र चाकांच्या, मऊ स्प्रिंगच्या गाड्या सर्रास आल्या. सुख वाढले, तसा कलही वाढला. आणि तो आवरण्यासाठी कोलमन यांच्या कल्पनेचा दांडा घरोघरच्या गाडीत शिरला.

भारतात या विद्येचा प्रवेश ज्या वाटेने झाला तीत बेंगळुरू आणि महाराष्ट्र यांची पुन्हा गाठ पडते. पुण्यात अभियांत्रिकी शिकलेले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाव मिळवलेले सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३५ च्या सुमारास युरोप-अमेरिकेतील मोटार-उद्योगाची पाहणी करून भारतीय मोटार कारखान्याची योजना मांडली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी ती उचलून धरली. म्हैसूर संस्थानात असा कारखाना काढण्याचा विचार झाला, परंतु तत्कालीन ब्रिटिश राजवटीच्या प्रतिकूलतेमुळे तो सिद्धीस गेला नाही. १९४० मध्ये वालचंदांच्या पुढाकाराने बेंगळुरूत विमानांचा कारखाना उभा राहिला. मोटारींसाठी मात्र त्यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ मध्ये मुंबईत निघाली. पुढच्याच वर्षी मुंबईत स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने युद्धात नाव कमावलेल्या विलिज जीपची जुळणी भारतात सुरू केली. पुढेमागे कठीण पाटे, आखूड लांबी आणि जमिनीपासून भरपूर उंची असलेली ही जीप कोणत्याही वाटेने जाई; परंतु भरधाव वेगात एकाएकी वळवली तर तिचा भरवसा देता येत नसे. भारतातील आजच्या एस. यू. व्ही. गाड्यांची कुळी तिच्यापासून सुरू होते. पुण्याहून १९९१ मध्ये टाटा सिएरा, १९९४ मध्ये सुमो, १९९८ मध्ये सफारी, आणि नाशिकहून २००२ मध्ये महिंद्र स्कॉर्पिओ अशा गाड्या निघत गेल्या. जीपची उंची त्यांनी ठेवली आणि घरगुती मोटारीचे सुख देऊ केले. या दोन गोष्टी एका ठिकाणी नांदवावयाच्या म्हणजे स्टॅबिलायझर बार हवाच.

परवान्यांच्या आणि टंचाईच्या काळात भारतीय माणूस एक मोटार वीस-वीस वर्षे वापरीत असे. अॅम्बॅसिडर गाडीची पुढची चाके पीळ खाणाऱ्या पोलादी दांड्यांवरच तोललेली होती. हा दांडा आणि स्टॅबिलायझर बार हे एकाच तत्त्वाचे दोन भाऊ. अशा गाड्यांनी अनेक गृहस्थांना अर्धे मिस्त्री बनवले. बेंगळुरूच्या जे. सी. रोडवर सुट्या भागांची बाजारपेठ वाढली. आपल्या गाडीचे काम आपल्या हाताने करण्याची जी हौस मल्लेश्वरमच्या फाटकाआड आज दिसते, तिच्यामागे ही परंपरा उभी आहे, आणि ती निश्चितच आदरास पात्र आहे.

मात्र हौशी माणसाने दोन हिशेब मांडल्यावाचून पाना हातात घेऊ नये. पहिला हिशेब जाडीचा. भरीव दांड्याचा पिळाला होणारा विरोध त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २५ मिलिमीटरच्या दांड्याऐवजी त्याच आकाराचा २८ मिलिमीटरचा बसवला तर जाडी वाढते १२ टक्के, पण विरोध वाढतो सुमारे ५७ टक्के. डोळ्यांना किरकोळ दिसणारा बदल चाकांच्या दृष्टीने फार मोठा असतो.

दुसरा हिशेब भाराचा. वळणावर आतल्या चाकांवरील काही भार बाहेरच्या चाकांवर जातो. तो किती जावा हे मुख्यतः गाडीचे वजन, गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधील रुंदी आणि वळणाची तीव्रता यांवरून ठरते. दांडा जाड केल्याने एकूण भारबदल जवळजवळ कमी होत नाही. तो पुढे किती आणि मागे किती, एवढीच वाटणी बदलते. पुढचा दांडा फार जाड केला तर पुढच्या बाहेरच्या चाकावर बोजा चढून गाडी वळणाबाहेर सरळ जाऊ पाहते. मागचा फार जाड केला तर मागचा भाग घसरून गाडी स्वतःभोवती फिरू पाहते, आणि सामान्य चालकाला हा दुसरा प्रकार अधिक घातक ठरतो. या दोन प्रवृत्तींचा शास्त्रीय विचार रूढ करण्यात ओले यांचाच मोठा वाटा होता. पुढच्या आणि मागच्या दांड्याचे प्रमाण कारखान्यात ठरवले जाते ते या विचारानेच.

गाडी कलत नाही म्हणजे ती उलटणार नाही, हा समज तर सर्वांत धोक्याचा. चाकांमधील अर्धी रुंदी आणि गुरुत्वमध्याची उंची यांचे गुणोत्तर हे उलटण्याच्या धोक्याचे ढोबळ माप होय. अमेरिकेतील सुरक्षा-प्रशासनाने २००१ पासून ते गाड्यांच्या मूल्यमापनासाठी वापरले. उदाहरणादाखल, दोन चाकांत १५० सेंटिमीटर अंतर असलेल्या बुटक्या मोटारीचा गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटरवर असेल तर हे माप सुमारे १.३६ येते, तेवढ्याच रुंदीच्या उंच गाडीचा मध्य ७५ सेंटिमीटरवर असेल तर ते १ वर उतरते. गाडीच्या टपावर सामान लादले की ते आणखी घसरते. दांडा कितीही जाड केला तरी या अंकांत काही फरक पडत नाही. उलट, पूर्वी गाडी कलून चालकाला जी सूचना देत असे ती सूचना मात्र नाहीशी होते.

मोठ्या कंपन्यांनाही हा धडा महागात पडला आहे. ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनमधील एका मोटार-नियतकालिकाने अडथळा चुकवण्याची चाचणी घेतली, तेव्हा मर्सिडीज-बेंझ कंपनीची नवी, उंच ठेवणीची ‘ए-क्लास’ गाडी उलटली. कंपनीने गाड्या देणे थांबवले, चाकांच्या आधाराच्या रचनेत बदल केले आणि गाडी घसरू लागताच ज्या त्या चाकाला आपोआप ब्रेक लावणारी इलेक्ट्रॉनिक योजना त्या गाडीत सर्रास बसवली. एकाच भागाने काम भागले नाही; सारा तोल नव्याने जुळवावा लागला.

मग घरी करण्याजोगे काय उरते? पुष्कळ उरते, आणि त्यातले सर्वांत गुणकारी काम सर्वांत स्वस्त आहे. जुन्या गाडीचा डोल पुष्कळदा दांडा बारीक असल्यामुळे वाढत नाही. दांड्याला धरणारे रबर म्हातारे झाल्यामुळे आणि टोकाचे लिंक रॉड सैल झाल्यामुळे वाढतो. रबराला उष्णता, तेल आणि काळ हे तीन शत्रू. ते झिजले की दांडा आधी मोकळ्या जागेत हलतो आणि मग पीळ घेऊ लागतो. खड्ड्यात गाडीखालून खट्‌खट् आवाज येतो. मूळ मापाचे नवे बुश आणि नवे लिंक रॉड बसवले की बहुतेक तक्रार संपते. पॉलियुरेथेनचे बुश अधिक कठीण व टिकाऊ असतात. जर्मनीत १९३७ मध्ये ओटो बायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पदार्थाच्या रसायनाचा पाया घातला. परंतु ते थरथर अधिक पोहोचवतात आणि योग्य वंगण नसेल तर बैलगाडीच्या चाकाप्रमाणेच कुरकुरतात.

कामाची रीतही तोलाचीच आहे. मल्लेश्वरमच्या चढउताराच्या रस्त्यांवर सपाट जागा शोधणे हे पहिले काम. चाकांना अडसर लावावेत, आणि जॅकवर तोललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. खाली भक्कम घोड्या हव्यात. एकच बाजू उचलली तर दांड्यात पीळ राहतो आणि नट सुटताच तो उसळतो, म्हणून दोन्ही चाके सारख्या उंचीवर ठेवावी लागतात. भाग दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. चाकाच्या हाताचे, आतून चिकटवलेल्या रबराचे बुश बदलले असतील, तर गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच त्यांचे बोल्ट शेवटचे आवळावेत. अधांतरी आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहून लवकर फाटते. किती जोराने आवळावे हे कारखान्याच्या पुस्तकात दिलेले असते, आणि त्यासाठी टॉर्क रेंच लागतो. मनगटाचा अंदाज येथे उपयोगी नाही. काही दिवस गाडी चालवून बोल्ट पुन्हा तपासावेत. मूळ मापाचा भाग बदलणे ही दुरुस्ती होय. त्यापुढे जाणाऱ्याने १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम वाचावे. नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करण्यास ते मनाई करते.

दांडा दोन चाकांना जोडतो, हा त्याचा गुण आणि हाच त्याचा दोष. एक चाक खड्ड्यात गेले की दुसऱ्यालाही धक्का कळतो. दांडा जितका जाड तितका अधिक. म्हणूनच जीपच्या मूळ कुळातल्या ‘रँग्लर रुबिकॉन’ गाडीला २००७ पासून अशी सोय मिळाली की, खडकाळ वाटेवर चालकाने एक बटण दाबून पुढचा दांडा मोकळा करावा आणि सडकेवर येताच पुन्हा जोडावा. शंभर वर्षांच्या खटपटीनंतरही तंटा एका पक्षाने जिंकला नाही, याची याहून स्पष्ट कबुली मिळणे कठीण.

मल्लेश्वरमच्या अरुंद क्रॉस रस्त्यांवर, गतिरोधकांवरून सावकाश जाताना जाड दांड्याचा लाभ काहीच नाही. त्रास मात्र रोजचा आहे. परंतु शेजारच्या यशवंतपूरकडून निघालेला रस्ता तुमकुरू, चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, सातारा असा सुमारे साडेआठशे किलोमीटर धावत पुण्यास पोहोचतो. दिवाळीस गावी निघालेल्या मराठी कुटुंबाची गाडी माणसांनी व सामानाने भरलेली असते, आणि खंबाटकीच्या घाटात तिच्या तोलाची खरी परीक्षा होते. त्या परीक्षेस नवे बुश, घट्ट लिंक रॉड, योग्य हवेचे टायर, टपावर कमी सामान आणि आवरलेला वेग ही पाच साधने पुरेशी पडतात. हाताने काम करणाऱ्या गृहस्थाची हौस या पाचांपैकी बहुतेक गोष्टी स्वतः पाहण्यात सार्थकी लागते. दांडा जाड करण्यापूर्वी गाडीच्या पोटाखाली वाकून जुने रबर एकदा न्याहाळावे; पुष्कळदा सारे उत्तर तेथेच चिरलेल्या स्थितीत सापडते.